हिवरखेडचे रिपोर्ट

रश्मी अकोल्याची. एमबीबीएस झाल्यावर तिनं दवाखाना टाकला नाही. अमरावतीच्या एका संस्थेत एमडी आणि पीएचडी एकत्र करायला घेतली. पेशंटही तपासायचे, त्यांच्या आजाराचं मूळही शोधायचं. वडील मोतीराम भेटेल त्याला सांगत, "आमची पोरगी डबल डॉक्टर होऊन राहिली."

तिचा विषय सिकलसेल, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. हिवरखेड गावातल्या तपासणी शिबिरात तिनं स्वतः रक्त घेतलं आणि प्रत्येकाला शब्द दिला, रिपोर्ट घरी येतील.

वर्षभरानं ती पुन्हा गेली, तेव्हा गावातल्या सुंदराबाईंनी नातू तिच्या मांडीवर दिला. लेकराचे हात-पाय सुजलेले, रडून रडून आवाज बसलेला. रश्मीला पाहताक्षणी सिकलसेलची शंका आली.

"तुमच्या रिपोर्टमध्ये काय होतं?"

"कोनता रिपोर्ट?" सुंदराबाईंची सून पायल म्हणाली. "तुमी रगत नेलं तवा मले तिसरा महिना होता. मंग कोनी आलंच नाई."

अमरावतीला येऊन रश्मीनं तपासलं. पायल आणि तिचा नवरा, दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा दोष होता, म्हणजे बाळाला आजार होण्याचा धोका होता, आणि ते शिबिरानंतर लगेच कळलं होतं. रिपोर्ट पाठवायचं काम संस्थेचं होतं, पण गावातल्या एकालाही रिपोर्ट गेला नव्हता.

ती तडक गाईड डॉ. राजूरकरांच्या केबिनमध्ये शिरली.

"संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत काही बाहेर जाणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "मॅडम, या प्रोजेक्टवर तुम्ही डॉक्टर नाही, संशोधक आहात."

"मग प्रवेशाला डॉक्टरच कशाला पाहिजे होता?" रश्मीचा आवाज चढला. "रक्त काढताना मी डॉक्टर, अन् सांगताना नाही? पोटातल्या बाळाची तपासणी करता आली असती, सर!"

"भावनेच्या भरात करिअर घालवू नका."

तिनं त्याच दिवशी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे लेखी तक्रार केली. चौकशीत एका सदस्यानं विचारलं, "गावातल्या लोकांना रिपोर्ट समजले असते का?" रश्मी उसळून म्हणाली, "समजावून सांगणं हे आपलं काम होतं. रक्तासाठी त्यांनी हात पुढं केला तेव्हा आपण विचारलं का, समजते का म्हणून?"

कमिटीनं रिपोर्ट घरोघरी द्यायला लावले. राजूरकरांना फक्त समज मिळाली. त्यांनी रश्मीचा गाईड राहायला नकार दिला. नवा गाईड आणि नवा विषय शोधण्यात तिचं वर्ष गेलं. मोतीराम एवढंच म्हणाले, "जाऊ दे वर्ष. तू बरोबर केलं."

पायलच्या बाळावर तिनं अकोल्यात उपचार सुरू करून दिले. सूज उतरली. आजार जन्माचा होता, तो जाणार नव्हता.

"पहिले सांगतलं असतं," बाळाला थोपटत पायल म्हणाली, "तं काय करायचं ते आमी ठरवलं असतं. तो हक्क आमचा होता ना, मॅडम?"

"तुमचाच होता," रश्मी म्हणाली. तिची कानशिलं तापली होती. राजूरकरांचा पेपर त्याच आठवड्यात छापून आला होता, आणि संस्थेत त्यांचा सत्कार ठरला होता.