पंचमीची भरती

‘मला माहीत नाही’ असंही एक वाक्य मराठीत आहे, याचा हंसाला पत्ता नव्हता. पालघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती अकरावीला गणित शिकवायची, आणि चिंचणीजवळच्या तिच्या माहेरच्या कोळीवाड्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. कुणाच्या पोराचा प्रवेश असो, डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची असो की नवा मोबाइल घ्यायचा असो, वाड्यातून फोन हंसाला. आणि हंसा उत्तर देऊन मोकळी. बरं, उत्तरं बहुतेक वेळा बरोबर निघायची, त्यामुळे कुणी तिला कधी ‘पण’ म्हणून अडवलं नव्हतं. अशा माणसाचं जे होतं तेच तिचं झालं होतं. ती आनंदात होती.

तिचा धाकटा भाऊ कुंदन बोईसरला एका कारखान्यात कामाला होता. वडील गेल्यावर घरची होडी गेली, आणि पोरगा पाळीवर जायला लागला. पण जीव सगळा पाण्यात. शेवटी त्याने नवी होडी बांधायला घेतली. खाडीच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली उंचावर ती बांधून झाली, रंग लागला, पुढे देवीचं नाव आलं. कुंदनने नोकरीचा राजीनामाही देऊन टाकला; पौर्णिमेपर्यंतच्या पाळ्या तेवढ्या उरल्या होत्या. नारळी पौर्णिमा झाली की होडी पाण्यात घालायची आणि कारखान्याकडे पुन्हा वळून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

हौस त्याची एकच होती. त्याच्या खात्यातल्या मित्रांनी होडी ओढायला हात लावावा. कुणी बीडकडचा, कुणी जालन्याचा, एकाने तर बोईसरला येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांची पहिली पाळी तीनला सुटायची. म्हणून कुंदनने ताईला फोन केला आणि विचारलं, पौर्णिमेनंतर चारच्या सुमाराला भरती कुठल्या दिवशी येते. हंसा तेव्हा भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खालीसुद्धा ठेवली नाही. पंचमीला, पावणेचारला, असं सांगून तिने फोन ठेवला.

यात जादू काही नव्हती. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा एकपासून. कुंदनने पंचमीचं आमंत्रण सगळीकडे दिलं. वैतरण्याच्या मामांपासून कारखान्याच्या वॉचमनपर्यंत कुणी राहिलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हंसाच्या वर्गात फल, म्हणजे फंक्शन, हा धडा सुरू झाला. पुस्तकातली उदाहरणं तिला कधीच पटली नव्हती, म्हणून तिने फळ्यावर सरळ आपल्या वाड्यातला हिशोब लिहिला: भ = ¾ त. त म्हणजे तिथी, भ म्हणजे भरतीची वेळ. मग तिने पोरांना विचारलं, यात ऐकवणारं कोण आणि ऐकणारं कोण? तिथी कुणाचं ऐकत नाही, ती आपली येते आणि जाते; ते स्वतंत्र चल. भरतीची वेळ तिथीवर अवलंबून, म्हणून ते परतंत्र चल. पोरं हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की मग आमच्या घरात आई स्वतंत्र आणि बाबा परतंत्र. हंसाने तेही उदाहरण बरोबर धरलं.

सफाळ्याहून येणारी रिद्धी म्हणून एक मुलगी होती. शेतकऱ्याची पोर, बोलायची कमी, पण प्रश्न विचारला की शिक्षकाला खुर्ची सोडायला लावायची. ती म्हणाली, “मॅडम, समीकरण उलटं करून त = ४/३ भ असं लिहिलं तर? वेळ आपण ठरवायची आणि तिथी काढायची. मग वेळ स्वतंत्र झाली ना?”

हंसाला असे प्रश्न मनापासून आवडायचे. ती म्हणाली की कागदावर लिहिता येईल, अक्षरं बिचारी कुठेही बसतात. पण समुद्र उलटा होत नाही. तू वेळ ठरवलीस म्हणून चंद्र आपली तिथी बदलणार आहे का? आणि तिथी एकटी येत नाही. तिच्याबरोबर वेळ येते, तशी पाण्याची उंचीही येते. असं म्हणून तिने वेळेच्या शेजारी दुसरी आकृती काढली. बीज-तीजेला उधाण, म्हणून रेघ वर. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं, म्हणून रेघ खाली. एकाच स्वतंत्र चलाच्या मागे दोन परतंत्र चलं. वेळ आवडली म्हणून तिथी निवडलीत, तर तिची उंचीही पदरात घ्यावी लागते.

“आता समजा,” ती रंगात येऊन म्हणाली, “एखाद्याची होडी किनाऱ्यावर उंच उभी आहे, आणि ती पाण्यात घालायची आहे. त्याने फक्त वेळ बघितली आणि पंचमी...”

आणि खडू रेघेवर जिथे होता तिथेच थांबला. रेघ पंचमीपाशी निम्म्याहून खाली आली होती. तिनेच काढलेली होती ती. सुरूच्या झाडांपर्यंत पाणी चढतं ते फक्त उधाणाला. पंचमीला होडी अर्ध्या वाटेवर चिखलात रुतणार, पुढे रोज पाणी कमी होत जाणार, आणि श्रावणातल्या लाटा कडेवर पडलेल्या नव्या होडीच्या फळ्या खिळखिळ्या करणार. तो एखादा म्हणजे तिचा भाऊ होता, आणि तो राजीनामा देऊन बसला होता. तिने पोरांना गृहपाठ दिला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बोईसरची गाडी पकडली.

तीनला पाळी सुटली तेव्हा ती कारखान्याच्या गेटसमोर उभी होती. कुंदन मित्रांबरोबर हसत बाहेर आला. ताईला बघून त्याचं हसू मावळलं, कारण ताई कधी अशी येत नसे. तिने आडवळण न घेता सांगितलं की पंचमीला पाणी होडीपर्यंत येणार नाही. बीजेलाच घालायला हवी, परवा, दुपारी दीडच्या भरतीला.

कुंदनला ते झेपेना. सगळ्यांना सांगून झालंय, मित्र दीडला कामावर असणार, आता लोकांना काय तोंड दाखवू, असं त्याचं चाललं. मग त्याने विचारलं, “तुझा गनित चुकला का, ताई?”

“गनित बरोबर हाय. मी चुकले.” घरच्या माणसांत आली की हंसाची भाषाही चपला बाहेर काढून यायची. “तू इचारलंस, चारला भरती कदी. मी त्याचा जवाब दिला. होडी कदी घालायची, हे तू इचारलंच नायस, आन मीबी इचार केला नाय. आपन वेळ धरून बसलो आन पान्याला सांगितलं, ये.”

काही वाईट बोलतोय असं न वाटता कुंदन सांगायला लागला की वाड्यातल्या जाणत्यांनी त्याला विचारलं होतं, पंचमी कशी काय रे? त्याने सांगितलं, ताईने गणित करून दिलंय. मग ते म्हणाले, मास्तरीणबाईने सांगितलंय तर बरोबरच असेल. हे सांगताना त्याच्या आवाजात बहिणीचं कौतुकच होतं. हंसाला मात्र भर गेटवर कुणीतरी थोबाडीत मारावी तसं वाटलं.

रामकिसन म्हणून कुंदनचा जोडीदार होता, जालन्याचा, समुद्र न पाहिलेला तोच. तो इतका वेळ बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याने कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की एवढं तोंड पाडायचं कारण नाही. पाणी सरकत नसेल तर पाळी सरकवू, सुपरवायझरशी तो स्वतः बोलेल. ज्यांना जमेल ते येतील, राहिलेल्यांना होडीत बसवून फिरवून आण. कुंदनला ते पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं.

घरी आई, चंद्रकांता, उद्याच्या नारळी भातासाठी खोबरं किसत बसली होती. हंसाने सगळं सांगितलं. आईने मान डोलावली आणि किसणं चालू ठेवलं. तिला जराही नवल वाटलं नाही, तेव्हा हंसाच्या लक्षात आलं.

“आई, तुला ठावं होतं.”

“पंचमीचा पानी झाडाखाली येत नाय, हे पोराटोरांना ठावं हाय.”

“मंग बोलली का नायस?”

आईने किसणी खाली ठेवली. “तू बोललीस ना. मला वाटलं, तुमच्या पुस्तकात पुडचा काय तरी निघाला आसंल. आमचा जुना झाला आसंल.”

हंसाला रडू आलं. चूक झाली याचं नव्हे. चुका होतात, तिच्याही होतात, हे ती एक वेळ सोसू शकत होती. पण आपल्यामुळे आई स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवून बसली, आणि सबंध वाडा एका रुतणाऱ्या होडीकडे मुकाट बघत राहणार होता, हे तिला सोसेना. ती आईला म्हणाली की यापुढे मी चुकले तर चारचौघांत सांगायचं, तोंडावर सांगायचं. आई म्हणाली, बरं. पण ते ‘बरं’ लेकीची समजूत काढण्यापुरतं होतं, हे दोघींनाही कळत होतं.

पौर्णिमेला सगळा वाडा नारळ घेऊन किनाऱ्यावर जमला. पूजा झाली, नारळ पाण्यात गेले, आणि लोक परतायच्या आत हंसा मासळीच्या एका उलट्या टपावर उभी राहिली. लाजायचं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि त्या दिवशी तो स्वभाव कामी आला. ती खणखणीत आवाजात म्हणाली की पंचमी मी सांगितली होती, ती माझी चूक. कुंदनची होडी उद्याच, बीजेला, दीडच्या भरतीला. मग म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून एक लांब सुस्कारा ऐकू आला, आणि लोक हसायला लागले. इतके दिवस कोंडून धरलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला होता.

पौर्णिमा सकाळीच संपली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिपदाही संपून दुपारी बीज होती. एकच्या आधीच माणसं जमली. रामकिसन पाळी बदलून चौघांना घेऊन आला होता आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्याकडे बघत, हे एवढं सगळं रोज येतं का असं ज्याला त्याला विचारत होता. होडीखाली ओंडके घातले, दोन्ही बाजूंनी दोर बांधले. पाणी फुगत फुगत सुरूच्या मुळांशी आलं. बायकांनी होडीला हळद-कुंकू वाहिलं, कुंदन वर चढला, आणि मग नेहमीचं झालं. सगळी तोंडं हंसाकडे वळली. इशारा मास्तरीणबाईंनी द्यायचा.

हंसाने घड्याळ पाहिलं. दीडला अजून वेळ होता. पाणी होडीच्या पुढच्या टोकाखाली आलं होतं, पण अजून चढत होतं. पूर्ण भरती म्हणजे सगळ्यात उंच पाणी. तोवर थांबणं शहाणपणाचं. तिने हात वर करून सगळ्यांना सांगितलं की घाई नको, दीड वाजू दे. दोर धरलेले हात सैल पडले. लोक थांबले, कारण तिने सांगितलं होतं.

“थांबायचा नाय.”

आवाज आईचा होता. चंद्रकांता बायकांमधून पुढे आली, पदर खोचलेला, आणि वाड्यासमोर, मामांसमोर, बोईसरच्या पाहुण्यांसमोर लेकीकडे बघून म्हणाली, “चुकलीस, हंसा. भरल्यावर पानी उतरतो. होडी अडकली तं वर उचलायला मागून आनखी पानी यायला नको का? चढत्या पान्यातच वडायची. आता वडायची.”

मास्तरीणबाईंना असं कुणी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. हंसाने आईकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तिच्याच फळ्यावरची रेघ तिच्या डोळ्यांसमोर आली: शिखराच्या अलीकडे रेघ चढती, पलीकडे उतरती. आई बरोबर होती, शंभर टक्के बरोबर. हंसाने घड्याळ काढून खिशात टाकलं, दोराला हात घातला आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, “आई सांगते तसं. वडा.”

होडी हलली, ओंडक्यांवरून सरकली, आणि मध्येच अडकली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात समोरून एक लाट आली, तिच्यामागून दुसरी, तिने होडीला खालून उचललं, आणि पुढच्या हिसक्याला कुंदन आपल्या होडीसकट खाडीत होता. रामकिसन दोरासकट छातीभर पाण्यात गेला आणि लहान पोरासारखा हसत उभा राहिला.

दीड वाजला तेव्हा होडी नांगरावर डुलत होती. आई ओल्या लुगड्याने हंसाशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “लोकांसमोर बोलले. वाईट वाटलं का गं?”

“नाय,” हंसा म्हणाली, आणि तिने आईचा हात सोडला नाही.