वहीची दुसरी बाजू

एबनने मला लोणच्याची रिकामी बरणी दिली आणि म्हणाला, "गळ्यापर्यंत भरून आण. अर्धवट आणशील, तुझी सवय आहे ती."

सत्तरीचा माझा भाऊ. फुप्फुसं कामातून गेलेली, डॉक्टरांच्या मते ख्रिसमस दिसणं कठीण, तरी टोमणा मारल्याशिवाय त्याला काम सांगता येत नसे. त्याला इंग्लंडची माती हवी होती. सफोकमधल्या थॉर्पिंग गावच्या चर्चच्या आवारातली, जिथे आमचे पूर्वज पुरलेत ती. त्याच्या शवपेटीवर पहिली मूठ तिची पडायला हवी होती. एबनची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. उरले मी, बासष्ट वर्षांची निवृत्त मास्तरीण. मी गेले.

एबन आणि आमचे वडील, दोघांनी मिळून एक ग्रंथ लिहिला होता: 'हॅचफील्डचे पेनॉक', चारशे बारा पानं. अमेरिकेतल्या आमच्या गावात असे ग्रंथ घरोघर आहेत, पण आमचा सगळ्यात जाड. त्याचं पहिलं पान जोसाया पेनॉकचं. १६३५ साली हा जहाजातून उतरला आणि नदीकाठची चाळीस एकर जमीन त्याने घेतली, एवढं मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या कागदांत सापडतं. त्याआधीचं काही नाही. कुठला, कोणाचा, कुणी लिहून ठेवलं नाही. वडिलांनी इंग्लंडमधल्या चर्चना वर्षानुवर्षं पत्रं पाठवली, आणि १९३१ साली थॉर्पिंगहून उत्तर आलं, तिथल्या चर्चच्या वहीत नोंद आहे: जोसाया, रॉबर्ट पेनॉकचा मुलगा, बाप्तिस्मा ८ मे १६०९. त्या रविवारी वडील चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसले. पुढे मरेपर्यंत तिथेच बसत.

आता स्टाशचं सांगते, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. स्टाश गोडेकचा बाप पोलंडहून आलेला, नदीकाठी कांदे पिकवायचा. ती जमीन कधीकाळी आमचीच, आजोबांनी विकलेली. १९३६ साली स्टाशने मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा एबनने ग्रंथाची हस्तलिखित पानं जेवणाच्या टेबलावर आणून आपटली.

"आपण तीनशे वर्षं इथले," तो म्हणाला. "ही माणसं परवा जहाजातून उतरलीत."

"आपणही जहाजातूनच उतरलो की," मी म्हटलं. "का पोहत आलो?"

वडील जागचे हलले नाहीत. "आपलं नाव कुठल्या वहीत आहे ते आपल्याला माहीत आहे, ऑर्फा. त्याला विचार, त्याचं कुठे आहे."

आईने अंथरूण धरलं. मी तीन आठवडे टिकले, मग स्टाशला नाही म्हणून कळवलं, तेही चिठ्ठीने. भित्री होते मी, दुसरा शब्द नाही. ग्रंथात माझ्या वाट्याला एक ओळ आहे: 'ऑर्फा, जन्म १९१२, शिक्षिका, अविवाहित.'

थॉर्पिंगचं चर्च लहान, ओलसर. तिथली देखभाल टडनम नावाचा म्हातारा करायचा. त्याने लोखंडी पेटीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. आठ मे, जोसाया, रॉबर्टचा मुलगा. तपकिरी शाई, वाकडं अक्षर. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. ज्याने माझं आयुष्य खाल्लं तो पहिल्यांदा समोर आला होता.

"झालं?" टडनमने विचारलं. "अमेरिकेचे लोक सगळे असेच. एक ओळ उतरवून घेतात, रडतात, जातात. वही उलटी कुणी करत नाही."

"उलटी म्हणजे?"

"अहो बाई, कातड्याचा कागद महाग होता तेव्हा. एकाच वहीत सगळं. या बाजूने जन्म लिहायचे, आणि वही पालथी करून त्या बाजूने मरण. दोन्हीकडून लिहीत मध्यापर्यंत यायचं." त्याने वही पालथी केली, खालची बाजू वर फिरवली, आणि सावकाश बोट सरकवत गेला. "मे १६०९. हा बघा. एकोणीस तारीख. जोसाया, रॉबर्ट पेनॉकचं तान्हं मूल, पुरलं."

अकरा दिवसांचा.

मी म्हटलं, दुसरा जोसाया झाला असेल, पूर्वी मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचे. टडनमने माझ्यासाठी दोन्ही बाजूंची तीस वर्षं पाहिली. त्याच महिन्यात रॉबर्टची बायको पुरली, पुढच्या वर्षी रॉबर्ट. दुसरं मूल नाही. त्या घराचा दिवा तिथेच विझला होता. १९३१ साली वडिलांनी फक्त बाप्तिस्मा विचारला आणि कारकुनाने फक्त बाप्तिस्मा कळवला. वंशावळी लिहिणाऱ्यांची ही जातच अशी, जन्म सापडला की पान मिटतात.

"त्या बाळाची कबर कुठे?"

"तान्ह्यांना दगड नसायचा, बाई. कुठेतरी गवतात असेल."

मी बरणी भरली, गळ्यापर्यंत. परतताना बोस्टनच्या विमानतळावर जकातवाल्याने ती उघडली, परदेशी माती देशात आणता येत नाही म्हणाला आणि कचऱ्याच्या पिंपात उपडी केली. रिकामी बरणी मात्र परत दिली. मला तिथेच हसू फुटलं, आणि मग थांबवता येईना.

घरी जायच्या आधी मी टॅक्सी नदीकाठी वळवली. स्टाश शेतातच होता, कांदे काढून झालेले, जमीन उघडी पडलेली. चौसष्टीचा, गुडघ्यांनी वाकलेला, बायको गेल्या वर्षी वारलेली.

"मास्तरीणबाई! वाट चुकलात?"

"थोडी माती हवी होती."

"कुंडीला?"

"एबनच्या कबरीला."

 मग फावडं घेऊन त्याने स्वतः बरणी भरली, काळी, मऊ माती, मधे कांद्याची सालं. "घेऊन जा. अखेर आमच्या शेतात आला म्हणायचा, मेल्यावर का होईना," तो म्हणाला, आणि झाकण लावताना हलक्या आवाजात, "चिठ्ठी तरी जरा लांब लिहायची होतीस गं."

मी बरणी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. 

एबनला मी उशीला टेकवून बसवलं. वाटेत ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. मरणाऱ्याला छळून काय मिळणार? त्याने बरणी उघडली, दोन बोटं आत घातली, माती नाकाशी नेली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बघ," तो म्हणाला. "आपली माती. वासच वेगळा."

"हं."

"वही पाहिलीस?"

"पाहिली."

"बाबा असायला हवे होते." तो धापा टाकत राहिला. मग माझा हात धरला. एबनने माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नाही. "ऑर्फा, त्या पोलंडवाल्याच्या बाबतीत मी केलं ते बरंच झालं ना? तू रागावलीस तेव्हा. पण घराणं राहिलं ना नीट?"

अडतीस वर्षं मी वाट पाहिली होती की हा माणूस एकदा तरी तो विषय काढेल. काढला तो असा, शाबासकी मागायला.

"एबन," मी म्हटलं, "जोसाया अकरा दिवसांचा मेला."

"कुठला जोसाया?"

"तुझा. पहिल्या पानावरचा. त्याच वहीत मागून मरणाची नोंद आहे. आईबापही गेले त्याच्यामागे. त्या घरातून कोणीही इथे आलेलं नाही."

"मग जो आला तो कोण?"

"माहीत नाही. आला कोणीतरी. सही येत नव्हती, अंगठ्यासारखी खूण करायचा, हे तूच लिहिलंयस ना? परवा जहाजातून उतरलेला कोणीतरी."

त्याने बरणीकडे पाहिलं. "आणि ही?"

"स्टाशच्या शेतातली."

 बोटांची माती त्याने चादरीला पुसली, एकेक बोट, नीट. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो नऊ दिवस जगला, आणि त्या नऊ दिवसांत माझ्याशी, पाद्रीशी, कोणाशीही एक शब्द बोलला नाही. पाणी हवं असलं तर पेला वाजवायचा. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. मी एका मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, आणि खरं तेच बोलले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माती मी घातली. दुसरी होती कुठे? पाद्री म्हणाला, "पूर्वजांची माती," आणि लोकांनी माना खाली घातल्या.

आमच्याकडे दगड आधीच घडवून ठेवतात, मरणाचं साल तेवढं रिकामं सोडून. एबनने आमचा सहा वर्षांपूर्वी उभा केला होता, मोठा, ग्रॅनाइटचा. दफनानंतर आठवड्याने पाथरवट त्याचं साल कोरायला आला, म्हणून मीही गेले. सगळ्यात वर खोल अक्षरांत लिहिलं आहे: 'थॉर्पिंग, सफोक येथील जोसाया पेनॉक यांचे वंशज.'

"ही वरची ओळ काढता येईल?" मी विचारलं.

त्याने अक्षरांवरून हात फिरवला. "खोल आहे, बाई. काढायची तर पूर्ण दगड घासावा लागेल. खालची नावंही जातील."

खाली एबनची बायको होती. तिच्याखाली एबन. पाथरवटाने आता त्याचं साल कोरलं, १९७४, आणि धूळ फुंकून टाकली. त्याच्याखाली, सहा वर्षांपासून, मला न विचारता: 'ऑर्फा, त्याची बहीण, १९१२ –'.

"तुमच्या नावाची अक्षरंही जरा ताजी करून देऊ का?" पाथरवटाने विचारलं. "आलोच आहे तर."