सुरीचं बारसं

मुक्ताबाईने नव्या सुरीने कांद्याच्या दोन फोडी केल्या आणि सुरी नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघा की, कशी कापते! सांगा नाव."

बाजेवर उशीला टेकलेल्या पुंजारामने मान आडवी हलवली.

बेलापुरात पुंजाराम लोहाराची सुरी नावाशिवाय भट्टीवरून हलत नसे. कांद्यावर चालवून तिचा स्वभाव बघायचा आणि मग बारसं. गपचूप कापणारी ती 'जाऊबाई'. नुसती चकाकणारी, कामाच्या नावानं शून्य, ती 'सरपंच'. नाव त्याचं, ते छिन्नीने पात्यावर कोरणार मुक्ताबाई, कारण सातवी शिकलेली ती. गिऱ्हाईक हसत हसत सुरी घेऊन जायचं. दिवाळीनंतर पुंजारामला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजत असेल, नसेलही. आता हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? मुक्ताबाईला तर तेवढंच कळायला हवं होतं, की आपला माणूस आत आहे की नाही.

बाहेर ओट्यावर जुनं गिऱ्हाईक, आबासाहेब, खोळंबले होते. त्यांची धाकटी लेक रुपाली पुण्यात बिऱ्हाड थाटत होती. थोरलीला दिली तशी नावाची सुरी तिलाही हवी होती.

"वहिनी, तुमीच ठेवा की एखादं."

"न्हाई. त्यांनीच ठेवायचं."

ती पुन्हा बाजेशी वाकली.

"नटवी?"

मान आडवी.

"चोंबडी? भांडकुदळ?"

मान आडवीच. तिने सुरी खाली ठेवली आणि हळूच विचारलं,

"मी तुमची मुक्ता हाय ना?"

पुंजारामने तशीच मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

संपलंच मग. इतके महिने ती ज्या मानेशी बोलत होती, ती नुसतीच हलत होती. मुक्ताबाई मटकन खाली बसली. महिनोन् महिने घण तिचा, सांडशी तिची, त्याला न्हाऊमाखू घालणंही तिचंच.

"दमले बाई मी," ती म्हणाली. कुणाला म्हणून नाही.

मान थांबली. मग हळूहळू वर-खाली झाली. डाव्या हाताचं बोट पुढे सरकलं आणि सुरीच्या पात्यावर टेकलं.

"अवो, ते नाव न्हाई. ते मी आपलं..."

बोट हलेना.

तिने छिन्नी घेतली. अक्षरं वाकडीतिकडी आली. आबासाहेबांनी ओट्यावर सुरी हातात घेऊन 'दमले बाई' वाचलं आणि ते खो खो हसत सुटले.

"लई झ्याक! पुंजाराम आजून तसाच हाय, वहिनी!"

"व्हय," मुक्ताबाई म्हणाली.

ती आत वळली. पुंजारामचा चेहरा भिजला होता. तो तिच्या हातांकडे बघत होता.