विश्वाची लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने विश्वाची उठाठेव कशाला करावी, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्या बायकोने विचारणाऱ्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. ती स्वतः कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट आखूड, कुणाची चेन तुटलेली, कुणाचं पोट सुटलेलं आणि दोष मात्र शिलाईला. दिवसभर लोकांचं ऐकून घेतलं की संध्याकाळी जेवताना ती नवऱ्याचं विश्व ऐकून घ्यायची. वर्षानुवर्षं ती त्याची री ओढत आली होती. "बरोबर आहे तुमचं," म्हणायची आणि वाढायची.

विश्व त्याने पुस्तकातून उचललं होतं. सगळं जग म्हणे बारीक बारीक तारांचं बनलेलं आहे. तार एका तऱ्हेने थरथरली की एक कण, दुसऱ्या तऱ्हेने थरथरली की दुसरा. इथपर्यंत शास्त्रज्ञांचं; पुढचं डोकं त्याचं. तार ताणल्याशिवाय थरथरत नाही आणि टांगल्याशिवाय ताणली जात नाही, हे त्याला शास्त्रज्ञांपेक्षा जास्त ठाऊक, कारण त्याचा जन्म लिफ्टच्या दोरांना ग्रीस लावण्यात गेलेला. तेव्हा आपलं विश्व ही एक लिफ्ट आहे, आपल्याला न दिसणाऱ्या मितींमध्ये टांगलेली, आणि ती सतत वेग वाढवत वर निघाली आहे. लिफ्ट वर सुटली की पाय जमिनीवर दाबले जातात ना? तेच आपलं वजन. गुरुत्वाकर्षण वगैरे सगळी बनवाबनवी!

आणि मग अचानक जेवताना विश्व बंद झालं.

"आज काही नाही का?" तिने विचारलं.

"औषधवाल्या बाईंना सांगितलं सगळं," तो म्हणाला. "आता परत तेच तेच काय?"

औषधवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. वाचनालयाच्या माडीवर रविवारी सकाळी असल्याच हौशी लोकांचं एक मंडळ भरायचं, तिथे ती येत असे. मंडळाची एक रीत होती. ज्याने सिद्धांत मांडायचा त्यानेच आपल्याला खोडणारा निवडायचा, आणि खोडणाऱ्याने पुढच्या रविवारी सिद्धांताची पिसं काढायची. लिफ्टवाल्याने निवडली ती औषधवाली. एकदा नाही, दर वेळी.

झालं, शिवणवालीच्या पोटात दुखायला लागलं. रविवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. खोकला नसताना घरात खोकल्याच्या गोळ्या यायला लागल्या, इतक्या की खण बंद होईना. एकदा तर औषधवालीचाच कोट दुरुस्तीला आला, अस्तर उसवलेला. तिने तो मुद्दाम शेवटी ठेवला आणि शिवताना दोनदा बोटात सुई टोचून घेतली. ती जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला चांगलं कळत होतं.

शेवटी एका रविवारी तिने चपला घातल्या. "मीही येते."

"तू? तुला कंटाळा येईल गं."

त्या एका वाक्याने तिच्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं फुकट ऐकलं तेव्हा नाही आला तो कंटाळा?

माडीवर सात-आठ माणसं होती आणि धड पुसला न जाणारा एक पांढरा फळा. औषधवालीला तिने आजवर दुकानाच्या काउंटरपलीकडेच पाहिलं होतं. आज पुरती पाहिली. तिच्याच वयाची, जाड तळव्यांचे बूट, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा, आवाज दटावणीचा. दिसायला देखणी असती तर बरं झालं असतं. पुरुषाची जात, म्हणून सोडून देता आलं असतं. ही बाई तर त्याच्यावर सरळ तुटूनच पडली.

"लिफ्ट कड्याला टांगलीय. मग ते कडं कशाला टांगलंय?"

"वरच्या मितीला!"

"आणि ती मिती? तुम्ही नुसते मजले वाढवताय. तळमजल्याचं बोला."

मंडळी हसली. लिफ्टवाला सगळ्यांहून मोठ्याने हसला, हात उडवत भांडायला लागला, फळ्यावर दोर काढू लागला. त्याचा चेहरा असा खुललेला शिवणवालीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता, मग कधीच नाही. आता तिला कळलं. आपण होला हो करत राहिलो आणि त्यालाच माया समजलो. याला हवं होतं कुणीतरी अंगावर येणारं. ती दुसरी बाई जे देत होती ते आपल्याकडेही होतं, चांगलं ढीगभर, आणि आपण ते कधी बाहेर काढलंच नाही. मत्सर कमी होईना, उलट दुप्पट झाला.

ती उठून उभी राहिली.

"माझी बहीण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहते," ती म्हणाली. "इथे दिवस तेव्हा तिच्याकडे रात्र. तिचे तळवे माझ्या तळव्यांकडे. लिफ्ट माझ्या बाजूने वर निघाली असेल, तर तिच्या पायाखालची जमीन तिला सोडून पळायला हवी. ती हवेत तरंगायला हवी. ती तर वजनकाट्यावर उभी राहून रडते."

ही सगळी मंडळी न दिसणाऱ्या मितींच्या गुंत्यात इतकी अडकली होती की आपल्या पायांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"अरेच्चा," औषधवाली चष्मा काढून म्हणाली, "मला कसं नाही सुचलं?"

लिफ्टवाला या वेळी हसला नाही. खडूसारखा पांढरा पडला. फळ्यावरचा दोर हाताने पुसायला गेला, तो पुसेना, तेव्हा तो खाली बसला.

घरी जाताना तो दोन पावलं पुढेच चालत होता. जिंकल्याचा आनंद तिच्या वाट्याला आलाच नाही.

"कधी सुचलं हे?" त्याने वळून विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही दमून येत होता. दोन घास सुखाने खाऊ दे म्हटलं."

"मी तिथे सगळ्यांना काय सांगायचो माहितीय? माझ्या बायकोला पटलंय. तिच्या नजरेतून टाचणीएवढी चूक सुटत नाही, आणि तिला पटलंय." तो कडवट हसला. "त्याच जोरावर भांडत होतो मी."

तिला रडूच आलं. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता.

"मी जळते त्या बाईवर," ती म्हणाली. "तुमच्या विश्वाशी मला काही घेणंदेणं नव्हतं. तुम्ही ते तिला सांगायला लागलात, म्हणून आले मी आज."

तो जागच्या जागी थांबला.

"आता सांगण्यासारखं उरलंय काय?" तो म्हणाला. "तूच तर मोडलंस सगळं."

तिने पदराने डोळे पुसले.

"नवीन काढा," ती म्हणाली. "आणि आधी मला सांगायचं. तिच्या आधी."