हितेंद्रचा डेक

घराचं काम काढलं की नवरा-बायकोत फरशीच्या रंगावरून पहिली ठिणगी पडते, असा आपला सगळ्यांचा अनुभव. पेडणेकरांच्या घरात तसं काहीच झालं नाही. कारण अनुजाला कोणी काही विचारलंच नव्हतं, आणि विचारलं नाही हे हितेंद्रच्या लक्षातही आलं नव्हतं. अशी घरं फार शांत असतात. तुमचं-आमचं घरही बहुतेक असंच शांत असेल.

हितेंद्र पेडणेकर फोर्टमध्ये मालवाहू जहाजांच्या एका कंपनीत कारकून. दिवसभर त्याच्या हाताखालून बंदरांची नावं जायची. मोम्बासा, कोलंबो, रॉटरडॅम. स्वतः तो बोटीत बसला होता फक्त मांडव्याला जाताना, आणि तेव्हाही अर्ध्या वाटेत त्याला मळमळलं होतं. पण स्वप्नाला कोण अडवणार? प्रभादेवीच्या जुन्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घराला दहा फूट लांब आणि चार फूट रुंद गॅलरी होती. समोर सोनमोहराचं झाड. सोसायटीतल्या बाकी सगळ्यांनी आपापल्या गॅलऱ्या खिडक्या लावून आत घेतल्या होत्या. हितेंद्रला मात्र तिथे डेक करायचा होता. बोटीवर असतो तसा, लाकडी फळ्यांचा. त्यावर एक आरामखुर्ची, कुंडीत पाम, हातात चहा, आणि अंगावर येणारा वारा. दुपारी डबा खाऊन झाला की टेबलावर हात टेकून तो डोळे मिटायचा, आणि त्याला खुर्ची हलकेच डुलल्यासारखी वाटायची.

एकदा कामानिमित्त माझगावला गेला असता जुन्या बोटींचं लाकूड विकणाऱ्या वखारीतून त्याने सागवानाची एक फळी नमुना म्हणून आणली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, कडेला जुन्या खिळ्यांची भोकं. ती नाकाशी धरली की अजून खारा वास येतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. फळी दिवाणखान्याच्या दाराशी पडून होती.

"ही फळी अजून किती दिवस पायात येणार आहे?" एकदा ठेच लागल्यावर अनुजाने विचारलं.

"फळी नाही गं, डेक आहे तो!" हितेंद्र म्हणाला.

अनुजा फळी ओलांडून आत गेली. ती महापालिकेच्या दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर उभी राहून घरी आली होती आणि कुकर लावायचा होता.

शनिवारी संध्याकाळी कंत्राटदार आला. कुशाबा त्याचं नाव. मूळचा साताऱ्याकडचा, वडील लालबागच्या गिरणीत कामाला होते. कुशाबा गवंडीकामापासून वर चढत गेला होता, आणि परळ-लालबागची निम्मी घरं त्याच्या हातून गेली होती. वय पासष्टीचं, खिशाला मोजपट्टी, बोलणं सावकाश. हितेंद्रने मोठ्या हौसेने नकाशा पसरला.

"हा डेक. गॅलरीतलं वॉशिंग मशीन बाथरूममध्ये घालायचं. ते मोडकं स्टूल भंगारात. कोपऱ्यात पाम."

"आणि स्वयंपाकघर?"

"तिथे हात लावायचा नाही. ओटा भक्कम आहे, आईच्या वेळचा."

कुशाबाने मान वळवून आत पाहिलं. अनुजा पोळ्या लाटत होती. ती चांगली उंच, पाच फूट आठ इंच. लाटताना ती कमरेतून वाकली होती आणि तिचा डावा हात मधूनच पाठीवर जात होता. कुशाबाने बघितलं तेवढं बघितलं, मोजपट्टी खिशातून काढलीच नाही, आणि पिशवीतून तीन खडू काढून टेबलावर ठेवले. एक निळा, एक पिवळा, एक पांढरा.

"उद्या रविवार. तिघं घरात आहात. जिथं दहा मिनटं बसाल, तिथं आपल्या रंगाचा गोल काढायचा. सायेब निळा, लेकीला पिवळा, ताईंना पांढरा. संध्याकाळी येतो मी."

"हे काय नवीनच?" हितेंद्रला हसू आलं.

"माझी रीत हाय ती. आधी घर कुणाचं ते बघतो, मग भिंती बघतो."

रविवार उजाडला. हितेंद्रला खेळ भलताच आवडला. सोफ्यावर पेपर वाचला, गोल काढला. जेवणाच्या टेबलाशी चहा घेतला, गोल काढला. गॅलरीतल्या खुर्चीत सोनमोहराकडे बघत बसला, तिथेही गोल. सोळा वर्षांची ऋता अभ्यासाच्या टेबलाशी, खिडकीत, पलंगावर पिवळे गोल काढत फिरत होती. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात झाल्यावर हितेंद्र सोफ्यावर आडवा झाला. उन्हाची तिरीप फरशीवर आली होती आणि तिच्यात ते निळे-पिवळे गोल पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत होते. बघता बघता त्याचा डोळा लागला.

आणि घर निघालं! अगदी हलकेच, कोणाला धक्का न लावता, ते गल्लीतून सुटलं. सोनमोहर मागे पडला, सोसायटीचं फाटक मागे पडलं. खाली कुठेतरी इंजिन एका सुरात घुमत होतं. हितेंद्रच्या डोक्यावर टोपी होती आणि हातात प्रवाशांची यादी. त्याने आपलं नाव वाचलं. ऋताचं वाचलं. मग अनुजाचं नाव शोधायला लागला. पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आला. खलाशांत बघितलं, सामानाच्या यादीतही बघितलं. नाव कुठेच नव्हतं. इंजिन मात्र घुमतच होतं.

तो जागा झाला तेव्हा चार वाजले होते. घुमणारा आवाज गॅलरीतल्या वॉशिंग मशीनचा होता. स्वप्नाची रुखरुख मनात घेऊनच तो घरभर गोल मोजत फिरला. निळे अकरा, पिवळे सात. पांढरा एकही नाही.

"अनुजा, खडू हरवलास की काय? एवढंसं काम सांगितलं होतं त्यांनी!"

"हरवला नाही." ती ओट्याशी भांडी लावत होती.

"मग गोल कुठेयत तुझे?"

अनुजाने भांडी लावता लावता खाली बोट दाखवलं. ओट्यासमोरच्या फरशीवर पांढऱ्या खडूने दोन पावलं काढलेली होती. शेजारी आणखी दोन, गॅसजवळ दोन, मोरीपाशी दोन. एकमेकांवर चढलेली, काही अर्धी पुसलेली.

"बसलं की गोल काढा म्हणाले होते. उभं राहिल्यावर काय काढायचं ते सांगितलं नव्हतं. म्हणून पावलं काढली."

हितेंद्रने खाली वाकून पावलं पाहिली. मग जरा अडखळत म्हणाला, "म्हणजे दिवसभरात एकही गोल नाही?"

"एक आहे. शोध की."

त्याने सगळं घर पुन्हा पालथं घातलं. शेवटी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या बेचक्यात त्याला तो सापडला. ताटलीएवढा लहान, कारण त्याहून मोठा काढायला जागाच नव्हती. वर ते मोडकं स्टूल. त्याच्या नकाशात नेमकी तिथेच पामची कुंडी होती.

हितेंद्र त्या स्टुलावर बसला. गुडघा मशीनला लागला. चादर बाजूला सारून त्याने सहज समोर पाहिलं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, हाताच्या पंजाएवढा, उन्हात चमचमणारा समुद्र दिसत होता!

जन्म या घरात गेला, लग्न होऊन अठरा वर्षं झाली, रोज डेकची स्वप्नं बघितली, आणि या गॅलरीतून समुद्र दिसतो हे त्या माणसाला माहीत नव्हतं! त्याच्या खुर्चीवरून फक्त झाड दिसायचं. समुद्र दिसायचा तो या एका कोपऱ्यातून.

अनुजा दारात येऊन उभी होती.

"इथे काय करतेस तू?"

"काही नाही. मशीन फिरतं तोवर बसते. समुद्र बघते."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"विचारलंस कधी?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. "आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू इथे तुझी खुर्ची टाकली असतीस."

सहा वाजता कुशाबा आला. खाली बघत, एकेक गोल ओलांडत घरभर हिंडला. ओट्यासमोरच्या पावलांपाशी तो बराच वेळ थांबला आणि त्यांच्यावर पाय पडू न देता बाहेर आला.

"मी काही तिला बसायला मनाई केली नाहीये हां," कोणी काही म्हणायच्या आधीच हितेंद्र बोलून गेला.

"मनाई कोणीच करत न्हाई, सायेब," कुशाबा शांतपणे म्हणाला. "चाळीस वर्षं घरं बांधतोय. बाईला बसू नको म्हणणारा माणूस मला एका घरात भेटला न्हाई. आणि बाईची म्हणून ठेवलेली खुर्चीबी एका घरात भेटली न्हाई. सोफा तुमचा, टेबल लेकीचं, देव्हारा देवाचा. बाईचा काय, तर ओटा. आणि तोबी तिच्या मापाचा नसतो."

"ओट्याला कसलं आलंय माप?"

कुशाबाने आता मोजपट्टी काढली. पण स्वतः धरली नाही, हितेंद्रच्या हातात दिली. "ताई, कोपर वाकवून उभ्या राहा. सायेब, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. आता त्यातून अर्धी वीत कमी करा. तेवढा उंच ओटा पायजे. आणि आता हा ओटा मोजा."

हितेंद्रने मोजलं. चुकलं असेल म्हणून परत मोजलं. ओटा सहा इंच ठेंगणा होता. त्याची आई चार फूट दहा इंच, ओटा तिच्या मापाने बांधलेला. त्यात आईचं काही चुकलं नव्हतं. पण अठरा वर्षं, दोन्ही वेळा, अनुजा या सहा इंचांत वाकत आली होती. खुर्चीच्या पाठीवर लटकणारा तिचा कमरेचा पट्टा त्याने हजारदा पाहिला होता आणि दवाखान्यात उभं राहून पाठ दुखते, असं समजून सोडून दिलं होतं.

मग त्याच्या मनात आलं, आई कुठे बसायची? त्याने आठवायचा फार प्रयत्न केला. ओट्याशी उभी असलेली आई आठवली, दारात उभी असलेली आठवली, वाढताना वाकलेली आठवली. बसलेली आई काही केल्या आठवेना. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवण्यासाठी तो उगाच मोजपट्टी गुंडाळत राहिला.

नंतर त्याने नकाशाचा कागद उचलला, उलटा करून कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीसकट अनुजापुढे ठेवला.

"तू सांग. काय करायचं?"

अनुजा कागदाकडे बघत राहिली. बरीच वर्षं कोणी विचारलं नसेल तर उत्तर पटकन हाताशी येत नाही. कुशाबाने घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, "ओटा वाढवा. पण एक आहे. ओटा माझ्या मापाचा केला, म्हणजे स्वयंपाक कायमचा माझ्या नावावर लागला, असं होता कामा नये."

"नाही, नाही, मीपण करेन की!" हितेंद्र जोरात म्हणाला, आणि मग त्याची उंची त्याला आठवली. पाच फूट तीन इंच! "पण मग पोळपाट माझ्या छातीशी येईल, त्याचं काय?"

ऋता फिस्सकन हसली. कुशाबाने दाराशी पडलेल्या सागवानी फळीकडे बोट केलं. "ती कशाला ठेवलीय मग?"

दीड महिन्यात काम झालं. गॅलरीला साधीच फरशी बसली. मशीन बाथरूममध्ये गेलं आणि त्या पांढऱ्या गोलाच्या जागी पाठ टेकायची, हातांची, ऐसपैस खुर्ची आली. आता बसण्यासाठी अनुजाला मशीन फिरायची वाट बघावी लागत नाही. पाम आणलाच नाही, समुद्र झाकला गेला असता.

आणि रविवारी सकाळी हितेंद्र चहा करतो. पोळ्याही लाटतो. त्या नकाशातल्या मोम्बासासारख्या होतात असं ऋता म्हणते, पण लाटतो. कुशाबाने त्या बोटीच्या फळीला खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकून दिल्यात, तिच्यावर तो उभा राहतो. चहाला उकळी आली, वाफ चेहऱ्यावर आली की त्याला पायाखालून खारा वास येतो आणि घर हलकेच डुलल्यासारखं वाटतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद. हितेंद्रचा डेक झाला तो असा! प्रवाशांची यादी त्याला परत कधी स्वप्नात दिसली नाही. गॅलरीतून अनुजाची हाक येते, "झाला का रे चहा?" आणि तो डेकवरून उतरून तिच्याकडे कप घेऊन जातो.

वाचकहो, घराचं काम आपण सगळेच कधी ना कधी काढतो. फरशी निवडतो, रंग निवडतो, कंत्राटदाराला दहा प्रश्न विचारतो. त्याआधी एक रविवार खडूला द्या. घरातल्या प्रत्येकाला एकेक रंग द्या आणि संध्याकाळी गोल मोजा. ज्याचा गोल सापडणार नाही, त्या माणसाला सगळ्यात आधी विचारा, कारण तुमचं घर त्याच्याच पायांवर उभं आहे. खडू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.