गोल ठिपका

मकरंदने तिसरी साइट डोळ्यासमोर धरली आणि दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या हरणाच्या मुंडक्यावर रोखली. बंदुकीवर बसवायच्या त्या काचेत एक लाल ठिपका दिसायला हवा होता. त्याला दिसला फुटलेल्या टोमॅटोसारखा एका बाजूला ओघळलेला फराटा.

"हीपण खराब आहे," तो म्हणाला.

दुकानदार डेव्हने वाद घातला नाही. त्याने साइट मकरंदच्याच हातात आडवी करून दिली. साइट फिरली, फराटा होता तिथेच राहिला. मग डेव्हने काचेमागे मोबाइल धरून फोटो काढला. फोटोतला ठिपका टिकलीसारखा गोल होता.

"साइट छान आहे. तुझ्या डोळ्यांत अ‍ॅस्टिगमॅटिझम आहे, मित्रा. चष्मा नाही का तुला?"

चष्मा होता. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या पर्समध्ये होता, आणि सुमेधा छताकडे बघत होती.

पुण्यात मुलगी बघायला जाताना आईने मकरंदला चष्मा खिशात ठेवायला लावला होता. तो प्रकार इतका बिनबोभाट पार पडला, की वेलिंग्टनला नोकरीच्या मुलाखतीत त्याने तो आपण होऊनच खिशात ठेवला. काम होतं डोंगरातल्या रानशेळ्या मारण्याचं, कारण त्या कोवळं जंगल खाऊन फस्त करत होत्या. "नजर कशी आहे?" शिकारी तुकडीचा मुकादम रॉसने विचारलं होतं. "फर्स्ट क्लास," याने ठोकून दिलं. आता दोन वर्षांनी चष्मा बाहेर काढायचा तरी कुठल्या तोंडाने?

पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या गोळीने एका शेळीचा जबडा उडवला होता. ती ओरडत दरीत उतरली आणि तासभर ओरडत राहिली. शेवटी रॉसने खाली उतरून तिला संपवलं. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पुन्हा असं झालं तर बंदूक माझ्याकडे." बंदूक गेली की नोकरी जाणार, आणि रेसिडेन्सीचा अर्ज त्या नोकरीवरच उभा होता. तेव्हापासून रॉस दर वेळी विचारायचा, "नीट दिसतंय?" आणि मकरंद काहीतरी पुटपुटायचा.

"अरे, सरळ सांगून टाक ना त्याला," सुमेधा हळूच म्हणाली.

"काय सांगू? दोन वर्षं खोटं बोललो म्हणून? बॅगा भरायला घे मग." त्याचा आवाज चिरकला. तो डेव्हकडे वळला. "प्लीज. काहीतरी असेल ना तुझ्याकडे?"

डेव्हने कपाटातून एक आखूड, जाडजूड साइट काढली. "हिच्यात ठिपका प्रकाशाचा नसतो, काचेवर कोरलेला असतो. हे कडं फिरव, तुझ्या डोळ्याला जमेल तिथे थांब. शिवाय सगळं तिप्पट जवळ दिसेल."

मकरंदने कडं फिरवलं. ठिपका आकसत आकसत गोल झाला. हरणाच्या पापण्यांवरची धूळसुद्धा दिसू लागली. त्याला रडूच आलं. सुमेधाने भर दुकानात त्याची पाठ थोपटली आणि पर्समधून कार्ड काढलं.

रविवारी त्याने क्लबच्या मैदानात पुठ्ठ्यावर गोळ्या झाडून साइट जुळवून घेतली. सोमवारी तो रॉसबरोबर डोंगरात होता. पावसाने झाडी निथळत होती. रॉसने सोबतच्या कुत्र्याचा पट्टा आवळला आणि दरीपलीकडे बोट दाखवलं.

मकरंदने काचेला डोळा लावला. शेळी पान चघळत होती. पानाचा देठ ओठांतून बाहेर आला होता आणि चावण्याबरोबर वरखाली होत होता. हनुवटीच्या केसांना पाण्याचे थेंब लागले होते. पोटाखाली एक काळं पिल्लू आचळांना ढुशा देत होतं, आणि ती मधूनच मान वळवून त्याला हुंगत होती. दोन वर्षं त्याने शेळ्याच मारल्या होत्या, पण त्या तांबड्या फराट्याखालचे तपकिरी डाग होते. हे असलं काही त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सुमेधा आठवली, अर्ज आठवला, आणि त्याने चाप ओढला.

शेळी आवाज न करता जागीच कोसळली.

"स्वीट अ‍ॅज! एकदम झकास!" रॉसने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "ऑफिसला कळवतो, हा माणूस मला हवाय म्हणून."

सुटलो, मकरंदला वाटलं. पण त्याचा डोळा काचेवरून निघेना. पिल्लू पळालं नव्हतं. ते आडव्या पडलेल्या आईला ढुशा देत होतं.

"तेही घे," रॉस म्हणाला, या वेळी हलक्या आवाजात. "आईवाचून उपाशी मरेल बिचारं."

मकरंदने पुन्हा नेम धरला. ठिपका गोल होता आणि त्याच्यामागे दुधाने ओलं झालेलं तोंड होतं.

"नीट दिसतंय?" रॉसने विचारलं.

या प्रश्नाला एकदा तरी खरं उत्तर देता यावं म्हणून तो पंधरा दिवस तडफडत होता.

"हो," तो म्हणाला.