तळ्यातल्या वन्सं

तिला गल्लीत सगळे दातवाली म्हणायचे, कारण ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून आलेल्या ठशांवरून मेणाच्या हिरड्या करायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, घासूनपुसून चकचकीत करायचा. सगळं काम खुर्चीत बसून, मान खाली घालून. त्यात खांदे आखडले, गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढला की धाप लागायची. शेवटी नवऱ्यालाच दया आली आणि त्याने दोघांची नावं एका व्यायाम शिबिरात घातली. शनिवार-रविवार, शहरापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी एका शेतावर. आणि निघायच्या आदल्या दिवशी कपाट सरकवायला गेला तो त्याचीच कंबर धरली.

अंथरुणात पडल्या पडल्या तो म्हणाला, माझ्याऐवजी ताईला घेऊन जा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दातवालीच्या वन्सं. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. कोर्टात टायपिस्ट म्हणून अख्खी नोकरी काढलेली. ताठ बसणं, मोजकं बोलणं, आणि समोरच्याचं वाक्य चुकलं की चष्म्यावरून नुसतं बघणं. लग्न होऊन आल्यापासून दातवाली त्यांना जरा वचकूनच होती. त्यांच्याबरोबर दोन दिवस एका खोलीत काढायचे या विचाराने तिला घाम फुटला. त्या नाहीच म्हणतील, असा तिचा होरा होता. पण वन्संनी सगळं ऐकून घेतलं, तिथे तळं आहे का एवढं विचारलं, आणि बॅग भरायला वर निघून गेल्या.

शनिवारी उजाडता उजाडता सगळे ओल्या गवतावर उभे होते. शिकवणारी बाई शिडशिडीत, आवाज मात्र लाउडस्पीकर गिळल्यासारखा. तिने उड्या मारायला लावल्या, वाळूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन चालायला लावलं. दातवाली पहिल्याच फेरीत बसकण मारून मोकळी झाली. शेजारी एक बेकरीवाला होता, पोट सुटलेला, लालबुंद झालेला. तोही बसला. आपण दोघं मिळून एक माणूस म्हणून चाललो तर चालेल का, असं त्याने बाईंना विचारलं. त्या हसल्या, पण पिशवी काही उतरवू दिली नाही.

मग डोंगर. दातवाली सगळ्यांच्या मागे, दर वळणावर कमरेवर हात ठेवून थांबत, स्वतःला आणि नवऱ्याच्या कमरेला मनातल्या मनात शिव्या घालत चढली. वर पोचली, मान वर केली, आणि शिव्या जागच्या जागी विरल्या.

इतकं लांबपर्यंत तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिची नजर हातभर अंतरापलीकडे जायचीच नाही; मेण, दात, दिवा, भिंत. इथे भिंत नव्हती. शेतांमागे शेतं, त्यामागे झाडी, त्यामागे निळसर डोंगर, आणि त्यांच्याही मागे आणखी काहीतरी, डोंगर की ढग ते कळत नव्हतं. ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या. एक सावली तिच्या अंगावरून गेली, तेव्हा ती नकळत बाजूला झाली. एवढं सगळं रोज इथेच असतं आणि आपण तिकडे दात घासत बसतो, असं तिच्या मनात आलं. डोळे भरून आले, म्हणून तिने घाम पुसायचं निमित्त केलं.

खाली तळं होतं. आधीच वर पोचलेल्या वन्सं त्याच्याकडेच बघत होत्या.

दुपारनंतर बाईंनी सांगितलं की ज्यांना पोहता येतं त्यांनी पाण्यात यावं, बाकीच्यांनी काठावर बसावं. पाच-सहा तरुण पोरं-पोरी पुढे झाली. त्यांच्या मागे वन्सं उभ्या होत्या. अंगात कोपरापर्यंत बाह्यांचा नवाकोरा काळा पोहण्याचा पोशाख, केसांवर टोपी. दातवालीला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

बाईंना काळजी वाटली. वय विचारलं, शेवटचं कधी पोहलात ते विचारलं.

"तुम्ही जन्माला यायच्या आधी," वन्सं म्हणाल्या. "होडी बरोबर ठेवा. दोरी बांधा हवी तर. पण मी जाणार."

कमरेला दोरीने तरंगता केशरी फुगा बांधून त्या पाण्यात शिरल्या. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग पुढे झुकल्या. क्षणभर नुसता फुगा दिसला. मग एक हात वर आला, मग दुसरा. घाई नाही, धडपड नाही, पाणी उडणं नाही. पोरं भोवती धपाधपा पाणी उडवत होती; वन्सं त्यांच्यामधून अशा निघून गेल्या की जणू पाणीच त्यांना वाट करून देत होतं. तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्या, तिथून पुढे गेल्या, समोरच्या काठाला हात लावला आणि वळल्या. होडीवाल्याने वल्ही मांडीवर घेतली होती आणि तो नुसता बघत होता. दातवाली चष्मा छातीशी धरून उभी होती. घरातलं हे माणूस, रोज जिन्यात भेटणारं, आपण आजवर पाहिलंच नाही, एवढंच तिच्या मनात घुमत होतं.

बाहेर आल्यावर वन्संचे दात कडाकडा वाजत होते आणि चेहरा पोरीसारखा उजळला होता. टॉवेल गुंडाळता गुंडाळता त्यांनी थोडक्यात सांगितलं. वडील धरणावर नोकरीला होते, घराच्या पायरीपाशी पाणी होतं. चालायच्या आधी मी पोहायला शिकले म्हटलंस तरी चालेल. मग शहरात बदली झाली आणि पाणी नळात गेलं.

"यांनी मला कधीच सांगितलं नाही," दातवाली म्हणाली.

"त्याला कुठे माहीत? तो शहरात आल्यावर झाला." त्यांनी तिच्या हातातून चष्मा घेतला. "उद्या सकाळी तू चल माझ्याबरोबर."

नाही म्हणायची दातवालीची छाती झाली नाही. खरं तर नाही म्हणावंसं वाटलंच नाही.

रविवारी तळ्यावर धुकं होतं. बाई होडीत बसून लक्ष ठेवून होत्या. दोघी छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या. थंडी हाडांत शिरत होती. वन्संनी तिला उताणं केलं, पाठीखाली तळहात धरला, आणि मान सैल सोड म्हणून सांगितलं. तीच तर सुटत नव्हती. वर्षानुवर्षं वाकलेली, ताठरलेली मान. वन्सं तशाच हात धरून उभ्या राहिल्या, आपल्याला दुसरं कामच नसल्यासारख्या. किती वेळ गेला कोण जाणे, आणि हळूहळू डोकं आपसूक मागे गेलं.

"आता मी हात काढतेय," वन्सं म्हणाल्या. "फसवून नाही काढत, सांगून काढतेय. तुला पाणी धरेल."

हात गेला. ती बुडाली नाही.

कान पाण्याखाली होते, त्यामुळे जग एकदम गप्प झालं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मोठा, संथ, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. वर धुकं विरत होतं आणि त्यातून आकाश उघडत होतं, कडेला काहीच नसलेलं. गुडघे दुखत नव्हते, खांदे दुखत नव्हते. ते आहेत हेच जाणवत नव्हतं. आपलं शरीर एवढं हलकं असू शकतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पक्ष्यांची एक रांग वरून गेली. त्यांच्या पंखांचा आवाजही आला नाही. दातवालीला हसू आलं, तोंडात पाणी गेलं, आणि ती ठसकत उभी राहिली.

वन्सं हसत होत्या. मोठ्याने, डोकं मागे टाकून.

"पुन्हा," दातवाली म्हणाली.

संध्याकाळी घरी पोचल्या तर नवरा कमरेला पट्टा बांधून दारातच उभा होता. कसं झालं, काय काय केलंत, त्याने विचारलं. दातवालीने सांगायला तोंड उघडलं आणि तिला शब्दच सापडेनात. डोंगराचं सांगावं की पाण्याचं, की त्याच्याच बहिणीचं? तिने वन्संकडे पाहिलं.

"पाणी थंड होतं," वन्सं म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "अगं, इथल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ कधी असते, उद्या बघशील का?"

दातवाली बघते म्हणाली. नवरा एकदा हिच्याकडे आणि एकदा जिन्याकडे बघत राहिला.